व्याह्यांच्या घरातला रस्ता

आमच्या व्याह्यांशी ज्याची सोयरीक झाली, त्याला भूकंपाची भीती राहत नाही. जमीन हलली तर तो शांतपणे म्हणतो, "व्याही आले वाटतं." भिवंडीच्या रस्त्यांवरून मी उभी हयात रिक्षाने हिंडलो. माझ्या मणक्यांनी आपापसात जागा बदलून घेतल्या, कवळी दोनदा समोरच्या प्रवाशाच्या मांडीवर जाऊन पडली. पण त्या तमाम खड्ड्यांनी मिळून मला जेवढे हादरे दिले नाहीत, तेवढे या एका माणसाने माझ्या मुलीच्या साखरपुड्यापासून आजतागायत दिले आहेत. आता मला धक्का बसला नाही, तर त्याचाच धक्का बसतो.

कामतघरला त्यांचा पॉवरलूमचा शेड आहे आणि शेडला लागून घर. वडिलांच्या वेळी खाडीकडे भातशेती होती. व्याह्यांनी भाताऐवजी कापड पिकवायला घेतलं. जन्मभर लूमच्या खडखडाटात बोलल्यामुळे त्यांचा आवाज असा घडला आहे, की त्यांनी माझ्या कानात सांगितलेलं गुपित मानकोली नाक्यावर कंटेनरचा ड्रायव्हर मान डोलावून ऐकतो. शांतता त्यांना सोसत नाही. लाइट जाऊन लूम थांबले की गाढ झोपेतून दचकून उठतात आणि विचारतात, "कोन गेला?" एकदा आमच्याकडे दुपारी जेवून आडवे झाले. घरात सामसूम. अर्ध्या तासाने उठून बसले, चेहरा पडलेला. म्हणाले, "इवाई, तुमचं घर लय भकास हाय." शेवटी आमच्या बायकोने रिकामा मिक्सर लावला, तेव्हा कुठे ते घोरायला लागले. तो मिक्सर त्या दिवशी जळला, पण पाहुण्यांची झोप झाली.

मोजमाप हा त्यांचा खरा नाद. टेपवर त्यांचा विश्वास नाही. "टेप लोखंडाची. तिला मानसाची काय कळकळ?" असं त्यांचं म्हणणं. ते मोजतात कापडाने. लूमवरून उतरलेल्या पांढऱ्या कोऱ्या कापडाचा गठ्ठा म्हणजे ताका. असा एक ताका त्यांच्या स्कूटरवर पायांपाशी कायम उभा असतो, जणू धाकटा भाऊ. मुलगी पाहायला आले तेव्हा पोहे येण्याआधी त्यांनी आमच्या हॉलमध्ये ताका उलगडला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरले. मला वाटलं, हुंड्याची ही काही नवी तऱ्हा असावी. परत आले, ताका गुंडाळला आणि म्हणाले, "हॉल बारीक हाय तुमचा. पन मानसं ऐसपैस हायती. चालंल." लग्न ठरलं ते असं. कापडाला झोळ पडलेला मात्र त्यांना खपत नाही. मांडवाच्या झालरीला झोळ दिसला म्हणून ऐन मुहूर्ताला नवरदेवाचा बाप शिडीवर होता, आणि भटजी मंगलाष्टकं शिडीकडे बघून म्हणत होते.

असा माणूस शहराच्या विकास आराखड्याच्या नागरिक समितीवर गेला, हे मला कळलं तेव्हा मी हातातला चहाचा कप बशीत न ठेवता शर्टाच्या खिशात ठेवला. आराखडा म्हणजे पुढची वीसेक वर्षं शहर कसं वाढणार, कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे बाग, याचा मोठा नकाशा. जुन्या नकाशात जिथे भात डोलत होतं तिथे आता गोदामं उभी होती, तेव्हा नवा करणं भाग होतं. आणि तो करताना कचेरीत बसून रेघा मारण्यापेक्षा गल्लीतल्या लोकांना विचारावं म्हणून वॉर्डावॉर्डात समित्या नेमल्या होत्या. व्याही मंगल कार्यालयात भरलेल्या पहिल्या सभेला गेले ते चहा चांगला असतो असं ऐकून. टेबलावर नकाशा पसरला होता आणि पुण्याहून आलेल्या, आराखडा करणाऱ्या तरुण मॅडम हळू आवाजात काहीतरी समजावत होत्या. व्याह्यांनी विचारलं, "खाडी कुठं हाय?" मॅडमनी बोट ठेवलं. "मंग उलटी का? खाडी त्या अंगाला हाय." असं म्हणून त्यांनी नकाशा खऱ्या दिशांप्रमाणे फिरवला, आणि मग सगळ्यांना हुकूम सोडला: "आता जो तो आपल्या घरी बसा." ज्याचं घर नकाशात जिथे, तिथे त्याची खुर्ची. समितीतले डॉक्टर खाडीकाठी राहतात, त्यांच्या वाट्याला न्हाणीघराचा उंबरठा आला. पण गंमत अशी, की आपापल्या घरी बसल्याबरोबर लोकांना नकाशा दिसायला लागला. डॉक्टर उंबरठ्यावरून ओरडले, "अहो, माझ्या दारापुढे नाला आहे, इथे बाग कशी दाखवली?" रिक्षावाल्यांचा पुढारी म्हणाला, "ही गल्ली पलीकडे निघतच नाही, ती बंद आहे." मॅडम भराभरा खुणा करायला लागल्या. व्याही चहा पीत राहिले.

त्यानंतर समिती शनिवार-रविवारी पायी हिंडायला लागली. "कागदावर खड्डा दिसत न्हाय," हा व्याह्यांचा सिद्धांत. नकाशात एके ठिकाणी हिरवं मैदान होतं. समिती तिथे पोचली तर समोर पत्र्याचं भलंमोठं गोदाम. मॅडम कागदाकडे बघतात, गोदामाकडे बघतात. व्याह्यांनी पुढे होऊन शटरवर थापा मारल्या आणि हाक दिली, "ए मैदाना, दार उघड." आतून वॉचमन आला. "मैदान हायेस ना तू? मंग आमाला खेळू दे." तो बिचारा बिहारचा. म्हणाला, "साहब, मैदान ड्युटी पर नहीं है, शाम को आएगा." मॅडमनी तिथे उभ्याउभ्या मैदान खोडलं. नवीन मैदान कुठे करायचं यावर समिती भर उन्हात भांडली, आणि ते भांडण ऐकायला दोन शेड बंद ठेवून कामगार आले, इतकं ते दर्जेदार होतं.

मग त्यांनी सबंध समितीला वज्रेश्वरीला नेलं. गरम पाण्याच्या कुंडात सगळ्यांचे गुडघे शेकले आणि आपली नकाशाची प्रत देवीपुढे ठेवली. पुजाऱ्याने कागदावर कुंकू वाहिलं. घरी येईपर्यंत त्यातलं चिमूटभर कुंकू नेमकं एका बड्या गोदामवाल्याच्या जमिनीवर चिकटलं. नकाशात लाल ठिपका म्हणजे आरक्षण, एवढं आता शेंबडं पोरही जाणून होतं. बातमी कानावर जाताच दुसऱ्या दिवशी तो गोदामवाला मिठाईचा पेटारा घेऊन हजर. "दादा, काय आलंय माझ्या जागेवर? दवाखाना का शाळा?" व्याही गंभीरपणे म्हणाले, "देवी आलीय." त्याने घाबरून मिठाई तिथेच ठेवली आणि पुढे कित्येक दिवस जाता-येता त्या जागेला नमस्कार केला. मिठाई समितीने खाल्ली. माझ्या वाट्याला एक बर्फी आली. उगाच खोटं बोलणार नाही, दोन आल्या.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग आराखड्याचा मसुदा निघाला आणि त्यात व्याह्यांचीच गल्ली रुंद होणार असल्याचं कळलं. गल्लीत एका बाजूला व्याह्यांचं घर आणि शेड, समोर लूमच्या कामगारांची बैठी चाळ. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या दोन माणसांनी एकदम जांभई दिली तर दाढा अडकाव्यात. मसुद्यात दोन लाल रेघा होत्या. त्या दोन रेघांच्या मधलं जे काही असेल ते सगळं पुढेमागे रस्ता होणार. समितीने गल्लीतल्या लोकांना नकाशा दाखवला. लोकांनी माना डोलावल्या. कोणालाच काही कळलं नव्हतं.

"असं न्हाय कळायचं," व्याही म्हणाले. एका रविवारी पहाटेच्या अंधारात त्यांनी शेडमधून ताके काढले आणि दोन्ही लाल रेघा जमिनीवर कापडाने आखायला घेतल्या. मॅडम येऊन खुंट्या मारून गेल्या होत्या, खुंटीला खुंटी जोडत पांढरं कापड निघालं. ते ओट्यांवर चढलं, दारांतून शिरलं, एका घरात रात्रपाळीवरून येऊन झोपलेल्या माणसाच्या पोटावरून गेलं. त्याने कूस बदलली आणि कापड अंगावर ओढून घेतलं. काम संपल्यावर व्याही मॅडमना आणायला नाक्यावर गेले. इकडे बायका उठल्या, आणि त्यांनी पाहिलं तर गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या पायघड्या.

आमच्याकडे पायघड्या एकाच कारणाने घालतात. गावदेवीची पालखी येते म्हणून.

"यंदा अवचितच आली गो," एक म्हातारी म्हणाली. "पण कापड घरात कसं शिरलं?" दुसरीने विचारलं. "देवी यंदा घरात येनार," म्हातारीने निकाल दिला. झालं. सडे पडले, रांगोळ्या उठल्या, ओटीची ताटं भरली. नाक्यावरचे ताशेवाले बोलावणं नसताना आले. चाळीत एक खाला राहते, लूमला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरून देते, नवऱ्यामागे एकटीने पोरं वाढवली. तिनेही दारापुढे झाडून पाण्याचा माठ आणून ठेवला. "देवी तुम्हारी है," ती म्हणाली, "मगर मेहमान तो गली की है." मी त्या दिवशी नेमका मुलीला भेटायला गेलो होतो; मीसुद्धा चप्पल काढून हात जोडून उभा राहिलो. आणि गल्लीच्या तोंडाशी पालखीऐवजी स्कूटर दिसली. पुढे व्याही, मागे डोक्यावर टोपी आणि हातात नकाशाची गुंडाळी घेतलेल्या मॅडम. ताशे कडाडले. काही कळायच्या आत पाच बायकांनी मॅडमना ओवाळलं, ओटीत खण-नारळ घातला, म्हातारी तर पायाच पडली.

मॅडम नारळ धरून उभ्या. रडवेल्या झालेल्या. म्हणाल्या, "मावशी, ही पायघडी नाही. इथपर्यंत... इथपर्यंत घर तोडावं लागेल. पुढे कधीतरी."

ताशे थांबले. मी भिवंडीत इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. ज्या कापडाला लोक नमस्कार करत होते त्याच्याकडे आता ते साप आल्यासारखे बघायला लागले. प्रत्येक जण आपल्या दारात गेला आणि कापडाच्या अलीकडे काय, पलीकडे काय, ते बघू लागला. माठ अलीकडे. चूल पलीकडे. पलंग अर्धा अर्धा. आणि मग सगळ्यांना एकदमच ते दिसलं. कापड दोन्हीकडून सरळ येत होतं, आणि व्याह्यांच्या घरापाशी आलं की त्यांच्या ओट्याला वळसा घालून, पोट फुगवून समोरच्या चाळीत घुसत होतं. घर सुटलं होतं. खालाची आणि तिच्या शेजारची खोली सबंध गेली होती. कागदावर तो फुगवटा केसाएवढा. कापडावर तो हत्तीएवढा.

खाला सावकाश त्या वळणापाशी आली. कापड बोटांनी चाचपलं. म्हणाली, "सेठ, कपड़ा आपका बड़ा समझदार है. घर पहचानता है."

व्याह्यांचा चेहरा मी पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा धक्का त्यांना बसला होता आणि मी नुसता बघत होतो. त्यांनी मॅडमकडे वळून विचारलं, "ही वाकडी कुनी केली?" त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कोणाला मिठाई दिली नव्हती, ते मला ठाऊक आहे, कारण मिठाई असती तर मला कळलं असतं. मॅडम म्हणाल्या, "तुमचं घर पक्कं आहे, चाळ कच्ची. पक्क्या बांधकामाला वळसा देतात बरेचदा. मला वाटलं, तुम्ही मसुदा बघितलात." व्याह्यांनी बघितला होता. साऱ्या शहराची चूक काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या दारातलं वळण दिसलं नव्हतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर येऊन अडला. रस्ता झाल्यावर आगीचा बंब येऊ शकेल का हे विचारायला व्याह्यांनीच तो बोलावला होता, नंतर बोलावल्याचं विसरून गेले होते. टँकरवाला उतरून वळणाच्या दोन कापडांमधून चालत गेला. परत येऊन म्हणाला, "सेठ, ये गाड़ी है, साँप नहीं. या मेरा टँकर मुड़ेगा, या आपका ओटा."

त्या ओट्यामागे पुढची खोली आहे. ती माझ्या मुलीची. लग्नाआधी व्याह्यांनी ती खास बांधून घेतली, भिंतींचा रंग तिला विचारून दिला, रस्त्याकडे मोठी खिडकी काढली. रेघ सरळ झाली तर ओटा जाणार, ती खोली जाणार, खिडकीतून थेट ट्रक. आणि मुलीला तेव्हा दिवस गेलेले. तेव्हा मी काय केलं असेल? मी सावध झालो. हरकती-सूचनांच्या सुनावणीला व्याह्यांसोबत मी आपण होऊन निघालो. रिक्षात सबंध वाट त्यांना समजावलं. "व्याहीबुवा, रेघ तुम्ही वाकडी केलेली नाही. सरळ करणारे तुम्ही कोण? खालाला मोबदला मिळेल. आपण हरकत घ्यायची नाही, सूचना करायची नाही, नुसता नमस्कार करून यायचं." ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मला वाटलं, पटतंय. आता कळतं, रिक्षा खड्ड्यांतून चालली होती.

सुनावणीला खच्चून गर्दी. जो तो आपलं घर वाचवायला आलेला. एकाने तर घराचं चित्रच काढून आणलं होतं, त्यात आजोबा दारात उभे. आमची पाळी आली. साहेबांनी वर न बघता विचारलं, "हरकत काय?"

"हरकत न्हाय. सूचना हाय. आमच्या गल्लीतली रेघ सरळ करा."

"सरळ केली तर कोणाचं घर बाधित होतं?"

"माजं."

साहेबांनी चष्मा काढला. आजूबाजूला हसू फुटलं आणि लगेच विझलं. साहेब म्हणाले, "नीट विचार करून बोला." व्याही म्हणाले, "साहेब, मी कापडवाला मानूस. झोळ आलेला ताका मी कुनाला इकला न्हाय. आता दारात आंथरून बसू काय?" पाठोपाठ समितीच्या लोकांनी, न्हाणीघराच्या उंबरठ्यावरच्या डॉक्टरांसकट, सही केलेली तीच सूचना पुढे ठेवली. म्हणजे हे आधीच ठरलं होतं.  मी तिथल्या तिथे खाली बसलो, ते नेमका आजोबांच्या चित्रावर.

तडक मुलीकडे गेलो. म्हटलं, "तुझ्या सासऱ्याने तुझी खोली रस्त्याला देऊन टाकली, माहीत आहे का?" ती मेथी निवडत होती. "माहीत आहे, बाबा. पप्पांनी आधी मलाच विचारलं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, खिडकी आतल्या भिंतीला लावू." मग जुडी खाली ठेवून म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या शेडला आग लागली तेव्हा बंब नाक्यावरच उभा राहिला. आत शिरेना. आम्ही बायकांनी हंड्यांनी पाणी घातलं. तेव्हा खाला माझ्या पुढे होती, बाबा." मी मेथीच्या काड्या वेचायला लागलो. 

रेघ सरळ झाली. आराखड्याला वरून मंजुरी यायची आहे, मग मोजणी, मग मोबदला, मग कुठे तोडणं. बरीच वर्षं जातील असं मॅडमच म्हणाल्या. पण व्याही थांबणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी पुढच्या खोलीत जमिनीवर गेरूने जाड रेघ ओढली. रेघेच्या आत घर, रेघेच्या बाहेर रस्ता. मी गेलो की म्हणतात, "इकडं बसा इवाई, तिकडं ट्रॅफिक हाय." टीव्ही रस्त्यात आहे. तो लावायला जाताना ते रेघेपाशी थांबतात, डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, मग ओलांडतात. विहीणबाईंनी त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला आणि ताट रेघेच्या बाहेर वाढलं. "ज्यानं रस्ता केला त्यानं रस्त्यावर जेवावं." ते निमूट जेवले. खाला आता दुपारी त्यांच्या ओट्यावर येऊन कांड्या भरत बसते. विहीणबाईंनी हटकलं तर म्हणाली, "सरकारी सड़क है, भाभी. बैठूँगी." मग विहीणबाईच चहा घेऊन बाहेर आल्या. मध्यंतरी नात झाली, तिचा पाळणा मात्र व्याह्यांनी स्वतः, भिंतीला दोनदा कापड लावून, रेघेच्या पुष्कळ आत टांगला आहे.

परवा संध्याकाळी गेलो होतो. लाइट गेलेली, लूम बंद. व्याही ओट्यावर एकटेच बसले होते. ही शांतता त्यांना सोसत नाही, पण त्या दिवशी उठले नाहीत. मी शेजारी बसलो. ओट्याच्या फरशीवर ते हात फिरवत होते, ताक्याचा पोत बघावा तसा.

"वडलांनी बांधलेला," म्हणाले.

मी म्हटलं, "कधी व्हायचा हो तो रस्ता?"

"व्हईल. आपुन नसू तवा व्हईल."  मग त्यांच्या मानाने फारच हळू, म्हणजे फक्त गल्लीलाच ऐकू जाईल इतकं हळू म्हणाले, "एक काम करा इवाई. पोरीला सांगून ठेवा. पयली गाडी हितून जाईल ना, तवा ड्रायव्हरला जोरात हॉर्न द्याया सांग म्हनावं. मना शांत जागेत झोप लागत न्हाय."

आतून नातीच्या रडण्याचा आवाज आला. ते उठेनात, म्हणून मी उठलो. अंधारात चाचपडत पुढच्या खोलीत शिरलो, गेरूच्या रेघेपाशी आलो आणि थांबलो. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मग रस्ता ओलांडून आत गेलो.